बालवाडीचं छत आणि साहेबांचा नियम

नव्या इमारतीसाठी सरकारी रोखे काढून कर्ज उभारता येतं, डागडुजीसाठी नाही. हा नियम काकिझाकी साहेबांना स्वतःच्या लग्नाच्या तारखेपेक्षा पक्का पाठ होता. जपानमधल्या त्या बर्फाळ गावाच्या नगरकचेरीचं वित्तखातं त्यांच्या हाती, आणि त्यांनी आजवर नियमाला ओरखडासुद्धा उठू दिला नव्हता. गावाला उठले असतील, तो भाग वेगळा.

"छताची तुळई वाकलीय, साहेब," बालवाडीच्या सावागुची बाई म्हणाल्या. "खाली पोरं झोपतात हो!"

"तुळई बदलणं म्हणजे डागडुजी, बाई. नियमात बसत नाही."

"मग बसतं तरी काय?"

"नवी इमारत. पण जुनी आपत्तीत कोसळली तरच."

बाई कपाळावर हात मारून निघाल्या. साहेबांना मात्र स्वतःच्याच बोलण्यातून युक्ती सुचली. यंदा बर्फ दणकून पडत होता. दर हिवाळ्यात ओइकावा आजोबा आणि त्यांची म्हातारी फौज गावभरच्या छतांवर चढून बर्फ उतरवायची. साहेबांनी आजोबांना रस्त्यातच गाठलं.

"आजोबा, यंदा बालवाडीचं छत तेवढं राहू द्या. बर्फाच्या भाराने खाली बसलं की नवी कोरी इमारत!"

"आणि पोरं?"

"ते शिक्षणखात्याचं काम."

आजोबांनी शांतपणे मान डोलावली. साहेब खुशीत कचेरीत गेले.

संध्याकाळी घरी येऊन बघतात तर आळीतली सगळी छतं साफ, आणि त्यांच्याच छतावर छातीभर बर्फ. समोरच्या ओसरीवर म्हातारे गरम साके, म्हणजे तांदळाची दारू, पीत बसले होते.

"आजोबा, माझं छत राहिलं की!"

"राहिलं नाही, ठेवलं. तुमचंही घर जुनंच ना, साहेब? उगाच बर्फ उतरवून तुमचं नुकसान कशाला करायचं?"

"अहो, आत माझी आई आहे!"

"ते आमच्या खात्याचं काम नाही."

साहेबांचा चेहरा खर्रकन उतरला. त्यांनी फावडं उचललं आणि आपल्या शिडीकडे वळले.

"तिकडे नाही," आजोबा म्हणाले. "तुमचं आम्ही बघतो. तुम्ही आधी बालवाडीचं उतरवा."

गुळगुळीत बुटांनी धडपडत साहेब बालवाडीवर चढले. सावागुची बाईंनी खाली शिडी धरली होती. छतावर पाय टेकला आणि तुळई अशी करकरली की साहेब जागच्या जागी बसले.

"बाई, ही आजच्या आज बदलायला हवी!"

"डागडुजी ती, साहेब," बाई खालून म्हणाल्या. "बसत नाही."