कोरडं बेअरिंग

"मॅडम, दोन नंबरच्या पंपाचं बेअरिंग परत ओरडतंय. कोरडं पडलंय बिचारं."

"कानोबा, कालच तुमच्या शब्दाखातर तो पंप उघडला ना? लोण्यासारखं फिरत होतं बेअरिंग! तीन तास गावाचं पाणी बंद, आणि शिव्या कुणी खाल्ल्या? मी."

पंपमिस्त्रीला सगळे कानोबा म्हणत ते कानांमुळे. स्क्रूड्रायव्हरचं टोक पंपाला, मूठ कानाला, की निदान तयार! एकदा म्हणे त्याने टेलिफोनवरून ढिला नट ओळखला होता, वर तो किती आटे ढिला आहे तेही सांगितलं होतं. ही गोष्ट तो स्वतःच सांगतो, तेव्हा खोटी कशी असेल?

"कान थकतात हो," मॅडम मऊ आवाजात म्हणाल्या. "सोमवारपासून स्टोअरला बसा. वॉशर द्यायचे, सही घ्यायची."

"कान थकले? आत्ता तुम्ही दाबलेली जांभईसुद्धा ऐकली मी!"

पण मॅडम कागदावर लिहूही लागल्या होत्या. एकतीस वर्षांचे कान एका ओळीत निकालात निघाले. कानोबा तोंड पाडून बाहेर पडला.

बाहेर वसंत अगदी रंगात आला होता. झाडांना लालसर पालवी, फांदीवर दोन बुलबुल भाऊबंदकीचा वाद घालत होते, आणि कुंपणातला शिंपी पक्षी एवढासा जीव असून सगळ्यांवर ओरडत होता. कानोबाचा राग निम्मा तिथेच उतरला. इतक्यात—

किर्र-चुक. किर्र-चुक. किर्र... हिक्.

आवाज वरून येत होता! दोन नंबरच्या खिडकीबाहेर, तारेवर, दुभंगल्या शेपटीचा काळाकुळकुळीत कोतवाल पक्षी बसला होता. नाव कोतवालाचं, धंदा चोराचा. त्याने आधी बुलबुलाचा गळा चोरला, मग मांजराचं म्यांव, आणि मग मान फुगवून पुन्हा किर्र-चुक.

तिसऱ्या फेरीला ती उचकी ऐकली आणि कानोबा जागीच थिजला. दोन नंबर कुठला? हा तर जुना एक नंबर! बावीस वर्षं त्याने लहान मुलासारखा सांभाळलेला, आणि गेल्या साली भंगारात गेलेला.

"मॅडम! बाहेर या, आधी बाहेर या!"

मॅडम आल्या, तारेकडे पाहत राहिल्या. "चोच हलतेय खरी. पण पंपांच्या घरघरीत मला काही म्हणता काही ऐकू येत नाही."

"मग बंद करा पंप."

"वेड लागलंय का? अख्ख्या गावाच्या तोंडाला साबण लागलेला असेल आत्ता!"

कानोबाने तारेकडे बोट दाखवलं. मॅडमनी एकदा त्याच्याकडे पाहिलं, एकदा पक्ष्याकडे, आणि "मरू दे" म्हणत आत जाऊन बटणं दाबली.

घरघर विझली आणि सकाळ एकदम मोठी झाली. बुलबुल, शिंपी, पानांची सळसळ, आणि त्या सगळ्यांवर कडी करणारं ते कोरडं बेअरिंग. मॅडम हसत सुटल्या. लहान पोरीसारख्या, तोंडावर हात ठेवून.

टेबलावरचा फोन खणखणला. त्यांनी उचलला. "येईल हो पाणी. दहा मिनिटं. तपासणी चालू आहे." रिसीव्हर ठेवून त्या खिडकीशी आल्या. "कानोबा, स्टोअरचं राहू द्या. सोमवारी इथंच—"

"हळू बोला, मॅडम," कानोबा कुजबुजला. "एक नंबर चालू आहे."