कळसच्या खुंटीवरचा फुटबॉल

मित्रांनो, मी एक जुना फुटबॉल आहे. इंदापूरच्या एका शाळेत, खेळाच्या खोलीतल्या कपाटावर, फाटक्या जाळीशेजारी पडून असतो. माझी एक बाजू आत बसली आहे, त्यामुळे घरंगळून खाली पडायचीही भीती नाही. फार दमलो आहे मी. पण तुम्ही आलाच आहात, तर सांगतो.

माझा जन्म जालंधरचा. कारागिरांनी चामड्याचे तुकडे मेण लावलेल्या दोऱ्याने शिवले, पोटात रबरी फुगा घातला आणि मला आकार दिला. कोल्हापूरच्या एका दुकानातून मला मानसिंग सरांनी घेतलं. सर कोल्हापूरचे, त्यामुळे फुटबॉल म्हणजे त्यांचा जीव की प्राण. इंदापूरच्या शाळेत त्यांची नेमणूक झाली आणि ट्रंकेत कपड्यांच्या घड्यांवर बसून मीही इकडे आलो. ही नव्वद-एक्क्याण्णव सालची गोष्ट. इथे लोकांना कबड्डी ठाऊक, कुस्ती ठाऊक. पायाने खेळायचा चेंडू पाहून हायवेवरचे ट्रकवाले गाड्या थांबवून हसायचे.

सर हटले नाहीत. शाळेतली मोठी मुलं, गॅरेजमधले कामगार, एसटीचा एक कंडक्टर, अशी माणसं जमवून त्यांनी गावाचा संघ उभा केला. ऊस बागायतदार रामहरी तात्यांनी संघाला हाताशी धरलं. बाहेरगावी सामना असला की तात्यांचा ट्रॅक्टर ट्रॉलीला जोडला जायचा आणि परत आल्यावर त्यांच्याच अंगणात पंगत बसायची. मी मात्र लाथा खात होतो. पण त्या लाथांत प्रेम होतं, म्हणून मला त्याचं काही वाटत नसे.

बारामतीला मोठी स्पर्धा ठरली तेव्हा सरांनी खेळाडू निवडायला घेतले. त्या दिवशी सिद्धू आला. जवळच्या कळस गावचा राहणारा, हायवेवरच्या गॅरेजात कामाला. इतरांच्या पायाला मी लागायचो, सिद्धूच्या पायाला मी चिकटायचो. असा खेळाडू मी त्याआधी पाहिला नव्हता. त्यानंतरही नाही.

निवड चालू असताना तात्या सरांना बाजूला घेऊन गेले. मी सरांच्या काखेत होतो, म्हणून ते बोलणं मला ऐकू आलं.

"सर, पोरगं खेळाडू हाय, त्यात वाद न्हाय," तात्या म्हणाले. "पण कळसची माणसं त्याच्याविषयी बरं बोलत न्हाईत. बायकोला मारतो म्हणं."

सरांची नजर मैदानावरून हलली नाही. "तात्या, मला गोल मारणारा पाहिजे," ते म्हणाले.

तात्या हसले. शेजारी उभे असलेले दोघेतिघे हसले. सरही हसले. सिद्धू संघात आला.

मग आम्ही जिंकतच गेलो. बारामतीच्या साप्ताहिकात सिद्धूचा फोटो आला, त्यात मी त्याच्या पायाशी होतो. चहाच्या टपऱ्यांवर त्याचं नाव निघू लागलं. सरांनी माझी राखण त्याच्याकडेच दिली. रोज संध्याकाळी तो मला कळसला घरी नेई. ओल्या फडक्याने पुसून, शिवणीतली माती काडीने काढून, एरंडेलाचा हात फिरवून तो मला खुंटीला टांगायचा. इतकं कुणीच मला जपलं नव्हतं.

त्या घरात मनिषा होती, सिद्धूची बायको. लोणी भापकर तिचं माहेर. अंगाने बारीक, बोलणं कमी. तिला मार बसायचा. मैदानातल्या रागाचा तो परिणाम असेल, असं तुम्हाला वाटेल. मलाही पहिल्यांदा तसंच वाटलं होतं. पण हरल्यावर मारायचा आणि जिंकल्यावरही मारायचा. कधी चहा निवला म्हणून, कधी ती शेजारणीशी बोलली म्हणून. आवाज शेजारीपाजारी जात असणारच. कुणी येत नसे.

एका संध्याकाळी तेल लावून झाल्यावर त्याने मला जमिनीवर ठेवलं होतं. मनिषा पाण्याची कळशी घेऊन आत आली, तिचा पाय घसरला आणि सगळं पाणी माझ्या अंगावर आलं. सिद्धू उठला. त्याने मला उचललं, स्वतःच्या शर्टाने कोरडं केलं, पुन्हा तेल लावलं, खुंटीला टांगलं. सगळं सावकाश केलं. ती दाराशी उभी होती. पुढे काय होणार हे तिला ठाऊक होतं. मग तो तिच्याकडे वळला.

मित्रांनो, पुढचं मी सांगत नाही.

सकाळी सिद्धू गॅरेजात गेला. मनिषाने सुजलेला हात पदराखाली घेतला, दुसऱ्या हाताने मला खुंटीवरून काढलं, पिशवीत घातलं आणि इंदापूरची एसटी पकडली. शाळेत सर आणि तात्या बारामतीच्या अंतिम सामन्याचं बोलत बसले होते. तिने मला टेबलावर ठेवलं.

"ह्यो घ्या तुमचा बॉल," ती म्हणाली. "बघून घ्या, कुठं वरखडासुदिक न्हाय."

मग तिने पदर बाजूला करून हात दाखवला.

सर उभे राहिले.  म्हणाले, "बाई, आधी का नाही सांगितलंस?"

"तुमाला ठावं न्हवतं व्हय?" मनिषाने विचारलं.

तात्यांनी मान खाली घातली. सरांचा चेहरा उतरला. त्यांना ठाऊक होतं. त्या दिवशी हसलेल्या प्रत्येकाला ठाऊक होतं.

"मला माहेरी जायचंय," ती म्हणाली. "एकटी निघाले तर तो स्टँडवर आडवा येतोय. तुमचं तेवढं ऐकतोय. म्हणून आले."

तात्या हळूच म्हणाले, "सर, फायनल तेवढी होऊ द्या. मग बघू की."

"आता नाही थांबायचं, तात्या," सर म्हणाले. त्यांनी मला तसंच पिशवीत घातलं, आधी तिला दवाखान्यात नेलं आणि मग बारामतीमार्गे लोणी भापकरला पोचवलं.  घराशी पोचल्यावर सर एवढंच म्हणाले, "मी विचारायला पाहिजे होतं."  तिच्या आईने तिला आत घेतलं.

दुसऱ्या दिवशी सिद्धू मैदानावर आला. "सर, घरातलं घरात राहू द्या की," तो म्हणाला.

"तू संघात नाहीस."

"माझ्याबिगर जिंकाल?"

"नाही जिंकणार," सर म्हणाले.

सिद्धूने मला इतक्या जोरात लाथ मारली, की मी शेजारच्या मळ्याच्या काटेरी तारेवर जाऊन आदळलो. माझं चामडं फाटलं, पोटातला फुगा फुटला. सरांनी मला शिवून आणलं, पण पुन्हा गोल काही झालो नाही.

बारामतीला आम्ही हरलो. लोकांनी सरांना नाही नाही ते बोलून घेतलं. तात्यांची ट्रॉली यायची बंद झाली आणि पुढच्या मोसमात संघच उरला नाही. सिद्धूला मात्र महिन्याभरात दुसऱ्या गावच्या संघाने घेतलं. त्यांच्याही कानावर सगळं गेलं होतं. तिथेही त्याने खूप गोल केले, असं म्हणतात. सरांनी काही वर्षांनी बदली मागून घेतली. जाण्याआधी ते कुणाला तरी सांगत होते, की मनिषा बारामतीत शिवणकाम शिकली, स्वतःचं मशीन घेतलं, कळसला परत गेली नाही. एवढं ऐकून मला बरं वाटलं.

आता रीतीप्रमाणे मी तुम्हाला म्हणायला हवं, की आम्हा वस्तूंची काळजी घ्या, आम्हाला पुसा, तेल लावा, पावसात टाकू नका. मी नाही म्हणणार. माझी काळजी पुरेपूर घेतली गेली होती. तुम्ही उद्या मोठे व्हाल, संघ निवडाल, कामाला माणसं निवडाल. कुणाबद्दल असं काही कानावर आलं, तर हसू नका. जाऊन विचारा. इंदापूरहून कळसला दिवसभर एसटी असते. त्या निवडीच्या दिवशीही होती.