पाथरखिंडीतली हाक

पाथरखिंडीत पोचल्यावर गौतमीने पाणी मोजलं. फिरकीच्या तांब्यात निम्म्याहून थोडं जास्त. आबांच्या वॉटरबॅगेत दोन पेले, फार तर अडीच. शुक्राच्या भोपळ्याच्या तुंब्यात तळाला घोटभर, ते त्याचं त्याला. माणसं चार. शिवाय पाण्याला आणखी एक वाटेकरी होता: डालड्याच्या डब्यात लावलेलं पिंपळाचं रोप, वीतभर उंच, पाच पानांचं. सकाळी कशेळ्याला एस.टी.तून उतरले तेव्हा पाचही पानं ताठ होती. आता त्यातली तीन डब्याच्या कडेवर मान टाकून पडली होती.

एकोणऐंशी सालची बुद्धपौर्णिमा होती. वैशाखातलं ऊन, कातळ तापून तव्यासारखा झालेला. पण आबांनी, म्हणजे धर्माजींनी, दुसरा कुठलाच दिवस ऐकून घेतला नव्हता.

"रेल्वेने तुला पेन्शन दिली, अक्कल नाय दिली," त्यांची थोरली बहीण भीमाबाई दगडावर बसून पाय चोळत म्हणाली. "पौर्निमा काय कर्जतच्या विहारात नसते?"

"काय म्हनालीस? मला वरच्या वाऱ्यात आयकू येत नाय."

"बहिरी मी हाय, तू नाय!"

धर्माजी हसले. कर्जतच्या घाटातल्या लायनीवर त्यांनी उभा जन्म गँगमध्ये काढला होता, गेल्याच वर्षी सुटले होते. हे डोंगरातलं पडकं लेणं त्यांनी एकदाच पाहिलेलं, दहा वर्षांचे असताना, लाकडाच्या मोळ्या वाहणाऱ्यांबरोबर. लेण्याला लागून कातळात खोदलेलं पाण्याचं टाकं होतं. बाकीचे सगळे टाक्यावर वाकून प्यायले. धर्माजीला मात्र लांब उभं केलं आणि कुणीतरी वरून त्याच्या ओंजळीत पाणी ओतलं. पुढे छप्पन साली दीक्षा झाली, देव घराबाहेर गेले, आणि ज्याला सगळे पांडवांचं म्हणत ते लेणं बुद्धाच्या भिक्षूंनी कोरलेलं आहे हे त्यांना कळलं. तेव्हापासून ते म्हणत, एकदा त्या टाक्यात माझा हात बुडवून मी पाणी पिईन आणि दारात पिंपळ लावीन. दीक्षेनंतर वस्तीत जन्मलेली पहिली मुलगी म्हणजे त्यांची लेक गौतमी. ती बी.एस्सी. होऊन खोपोलीच्या एका कारखान्याच्या प्रयोगशाळेत पाणी तपासायच्या कामाला लागली, आणि आबांनी धोशा लावला: आता चल.

वाट दाखवायला ठाकूरवाडीचा शुक्रा होता. एरवी तो फाटी, म्हणजे जळण, विकायचा. रविवारी मुंबईची पोरं पाठीवर पिशव्या बांधून येत, त्यांना नाळेने, डोंगराच्या घळीतून, चढवून लेणं दाखवायचं हा त्याचा जोडधंदा, आणि खरं म्हणजे घर त्यावरच चालायचं.

खिंडीतून दोन वाटा फुटत होत्या. एक कड्याच्या अंगाने वर लेण्याकडे. दुसरी खाली झाडीत, एका बारीक झऱ्याकडे.

"टाकं बारमाही हाय दादा," शुक्रा म्हणाला. "पन शिमग्यापास्नं मी वर गेलो नाय. तुमी हितं सावलीला बसा. मी म्होरं जातो आन् पानी हाय का नाय ते कड्यावरनं हाक घालून सांगतो. नसंल तर वर येऊ नका. उलटं झऱ्यावर उतरा, मी तिथं येतो."

"आमच्या लायनीत नुसत्या हाकेवर कुनी गाडी सोडत नाय रं. झेंडा लागतो."

"झेंडा तुमच्याच बोचक्यात हाय की. निळा."

"तो लेन्यावर लावायचा. तुज्या पान्याच्या सिग्नलला नाय."

शुक्रा हसत हसत वर गेला. माकडासारखा चढत होता. बऱ्याच वेळाने कड्याच्या टोकाला तो दिसला, काडेपेटीतल्या काडीएवढा. त्याने दोन्ही हात तोंडाभोवती धरले.

मधली दरी खालून येणाऱ्या वाऱ्याने भरलेली होती. "पाऽऽनी" एवढं लांबत आलं, मग एक अक्षर, तेही लांबलेलं, कड्याला घासून आलेलं. शुक्राने पुन्हा हाक घातली आणि एक हात हलवला. मग तो मागे वळून दिसेनासा झाला.

"काय म्हनतो गं?" आबांनी विचारलं. भीमाबाईच्या कानाचा उपयोग नव्हता आणि इंजिनांच्या शिट्ट्यांनी आबांचेही कान निम्मे गेले होते.

"हाय म्हणतोय," गौतमी म्हणाली.

"आयकलंस नीट?"

"दोनदा म्हणाला, आबा."

मग धर्माजींनी वॉटरबॅग उघडली. बहिणीला पोटभर पाजलं. मुलीला दिलं. स्वतः घोटभर घेतलं आणि उरलेलं सगळं डालड्याच्या डब्यात, पिंपळाच्या मुळाशी ओतलं. "घे बाबा," ते रोपाला म्हणाले, "आता काय कमी नाय." तांब्यातलं पाणी चढताना वाटेत संपलं.

लेणं अगदी जवळ आलं होतं तेव्हा शुक्रा वरून धावत खाली आला. त्याचा चेहरा बघून गौतमी जागीच थांबली.

"तुमी वर का आलात?" तो ओरडला. "मी मागचं दुसरं टाकं बघाया गेलतो, म्हनून दिसला नायसा. नाय म्हनलं ना मी! दोनदा सांगितलं, नाय म्हनून!"

"तू हाय म्हणालास," गौतमी म्हणाली.

"नाय म्हनलो, बाय!"

"हाय!"

भीमाबाई दोघांच्या तोंडाकडे आळीपाळीने बघत राहिली.

सावली वर होती, पाणी खाली. धर्माजींना परत उतरवणं शक्य नव्हतं, त्यांचे पाय लटपटत होते. त्यांना धरून लेण्यात नेलं. समोरची अर्धी कमान कोसळलेली, आत एक स्तूप, माथा फुटलेला. शुक्रा सगळी भांडी घेऊन झऱ्याकडे पळाला. टाक्याची एक कड तडकली होती आणि तळाला खपल्या धरलेला चिखल होता. धर्माजींनी तो बघायचा हट्ट धरला. काठावर बसले, आत हात घातला, सुकी खपली उचलली, बोटांत चुरली.

मग ते स्तूपाला टेकून बसले. गौतमीने त्यांच्या कपाळाला हात लावला. कातडी भाजत होती आणि घामाचा टिपूस नव्हता. हा उष्माघात, हे तिला कळलं. तिने सदरा सोडला, निळा झेंडा काढून त्याने वारा घातला. भीमाबाई भावाचे तळपाय चोळत होती आणि लहानपणी मारायची तशा हाका मारत होती, "धर्म्या, ए धर्म्या, डोळे उघड की रं." ते मध्येच लायनीवर जात, रुळाच्या खुंट्या आवळायला सांगत, मग परत येत.

शुक्रा आला तेव्हा त्याचे गुडघे फुटलेले होते. तुंबा मात्र गळ्यापर्यंत भरलेला. गौतमीने झेंड्याचं टोक भिजवून आबांच्या ओठांना लावलं. त्यांनी डोळे उघडले.

"टाक्याचं हाय ना?" त्यांनी विचारलं.

घरात सगळ्यांत शुद्ध बोलणारी गौतमी म्हणाली, "हाय आबा. टाक्याचंच हाय."

त्यांना गिळता आलं नाही. पाणी हनुवटीवरून मानेवर उतरलं. ऊन कमानीतून स्तूपापर्यंत यायच्या आत ते गेले.

ठाकूरवाडीच्या गड्यांनी त्यांना डोलीत घालून खाली आणलं. पुढचा खांदा शुक्राने शेवटपर्यंत बदलू दिला नाही.

तरी वस्तीत त्याचं नाव निघालं ते एकाच अर्थाने. धर्माजींचा धाकटा भाऊ चंदर उघड म्हणायचा, "लेन्यापर्यंत नेलं नाय तर पैसं बुडतील, म्हनून हाय सांगितलं त्यानं. मानूस मारला." बोलणं कशेळ्याच्या बाजारात पोचलं. शुक्राची फाटी दुपारपर्यंत तशीच पडून राहू लागली. मुंबईची पोरं आली तर स्टँडवरचा कुणीतरी सांगे, त्याच्यासंगट जाऊ नका. चंदरने पोलिसांत जायचं ठरवलं, पण त्याला साक्ष हवी होती, आणि साक्षीदार एकटी गौतमी होती.

धर्माजींच्या मरणोत्तर विधीच्या, पुण्यानुमोदनाच्या दिवशी शुक्रा आला आणि विहाराबाहेर चपला हातात धरून उभा राहिला. गौतमी बाहेर गेली.

"बाय, मी नाय म्हनलं."

"मी हाय ऐकलं, शुक्रा."

"तर मग मी खोटा?"

तो जेवायला न थांबता निघून गेला.

तिच्या प्रयोगशाळेत शंका आली की तेच पाणी पुन्हा तपासायची रीत होती. तिने चंदरला गाठलं.

"काका, तक्रारीआधी एकदा माझा कान तपासू. त्याच खिंडीत, त्याच वेळी, पाऊस लागायच्या आत."

"कान कसा तपासतात गं? डाक्तर हायेस का तू?"

"दोघांनी वीस-वीस खडे घ्यायचे. दहा पांढऱ्या गारगोट्या म्हणजे हाय, दहा काळे म्हणजे नाय. तुम्ही शुक्राबरोबर कड्यावर उभं राहायचं. पिशवीतून न बघता खडा काढायचा, निघेल ती हाक त्याने घालायची, आणि खडा तुम्ही ओळीत मांडायचा. मी खिंडीत ऐकेन तसा माझा खडा मांडेन. मग ओळी जुळवायच्या. मला खरंच ऐकू येत असेल तर वीसच्या वीस जुळतील. नुसताच अंदाज असेल तर दहाच्या आसपास."

"आन् जुळल्या तर?"

"तर मी तुमच्याबरोबर पोलिसांत येते."

"नाय जुळल्या तर," चंदर म्हणाला, "दादाला वर नेनारी तू ठरशील. कळतंय का तुला?"

"कळतंय."

जूनच्या पहिल्या रविवारी तिघं चढली. चंदर आणि शुक्रा यांच्यात गौतमी चालत होती. या खेपेला पाणी तिघांकडे मिळून दोन कळशा होतं.

आधी सगळे लेण्यापर्यंत गेले. पिंपळाचा डबा टाक्याच्या काठावर तसाच होता. पानं गळून गेली होती. गौतमीने नखाने खोड खरवडलं. आत हिरवं नव्हतं.

पहिल्यांदा तिने जवळून ऐकलं, कड्याखाली शंभर पावलांवरून. वीस हाका, वीस खडे. वीसही जुळले. चंदरने शुक्राकडे असं बघितलं की शुक्राने मान खाली घातली. मग तिने खडे पदरात बांधले आणि ती एकटी खिंडीत उतरली.

वारा त्या दिवसासारखाच खालून येत होता. ती त्याच दगडावर बसली, जिथे आत्या बसली होती. वर दोन काड्या दिसत होत्या, एक बसलेली, एक उभी. हाक घालताना हात हलवायचा नाही असं ठरलं होतं. पहिली हाक आली. "पाऽऽनी", आणि पुढचं ते लांबलेलं अक्षर. तिने डोळे मिटले. ऐकलं. पांढरा खडा ठेवला. दुसरी हाक आली. तिने पुन्हा पांढरा ठेवला. मध्येच तिने एक काळा उचलला, घामेजलेल्या मुठीत धरून ठेवला, मग ओळीत मांडला. पांढरे दहा संपले तेव्हा कुठेतरी चुकतंय हे तिला कळलं, तरी ऐकू येईल तेच मांडायचं म्हणून तिने पायाजवळचे साधे खडे वेचून त्यांच्या जागी वापरले. एकदाही तिला वाटलं नाही की आपण अंदाज करतोय. दर वेळी तिला स्पष्ट ऐकू येत होतं.

हाका संपल्या. शुक्राचा आवाज शेवटी शेवटी बसला होता.

तिने आपली ओळ क्रमाने पदरात घेतली आणि वर गेली. चंदर आपल्या ओळीशी उकिडवा बसला होता. शुक्रा लांब, टाक्यापलीकडे, पाठ करून. तिने एकेक खडा काढून चंदरच्या खड्याखाली मांडला. चंदर बोट ठेवत पुढे सरकत गेला. मध्यावर त्याचं बोट थांबलं. मग पुन्हा सरकलं, शेवटच्या खड्यापर्यंत.

वीसपैकी अकरा हाका जुळल्या. दहाच्या दहा हाय तिने हाय ऐकल्या होत्या. दहा नायपैकी नऊ तिने हाय ऐकल्या होत्या. वाऱ्याने नायचं हाय होत होतं; शुक्रा खोटा नव्हता.