स्वर उतरवणारी पूड आणि पुसलेली चिठ्ठी

मित्रांनो, मी प्रयोगशाळेतली एक जुनी, तपकिरी काचेची बाटली आहे, आणि आज माझं डोकं फिरलंय. ऐकायचं तर मुकाट्यानं ऐका.

थंड कपाटात सहा वर्षं मी चिमूटभर पांढरी पूड जपली. तिचं नाव डीआयपीटी. तुमच्या मेंदूत निरोप पोचवणारं सेरोटोनिन असतं ना, त्याची ही लांबची बहीण. सांगाडा तोच, दोन कड्या जोडलेल्या; हिच्या शेपटीतल्या नायट्रोजनला मात्र दोन जास्तीचे फाटे. हिच्या इतर भावंडांमुळे माणसाला रंग नि आकार नाचताना दिसतात. ही बया डोळ्यांच्या वाटेला फारशी जात नाही, थेट कानाला छळते! ओळखीचा आवाज खाली उतरतो, जाड होतो, सुराला सूर जुळत नाही. का, ते अजून कुणाला धड ठाऊक नाही. ती खेळायची वस्तू नव्हे, कुलपातच बरी.

आमच्या संशोधक बाईंना ते 'का' हवं होतं, थोरल्या बहिणीपायी. ताई गाणं शिकवायची. एका तापानंतर तिला सगळंच बेसूर ऐकू येऊ लागलं. शिकवण्या सुटल्या. "लेक 'आई' म्हणते ना, तेव्हा कुणी परकीच बोलतेय असं वाटतं गं," ती म्हणायची. पूड उंदरांच्या मेंदूत नेमका कुठं घोळ घालते ते कळलं, तर ताईच्या दुखण्याचाही माग लागेल, अशी बाईंना आशा. पूड वापरायच्या परवानगीसाठी चार वर्षं उंबरठे झिजवले हो त्यांनी!

परवानगी आली. त्याच आठवड्यात तपासणी होती, म्हणून भांडारातल्या काकांनी फडक्यावर स्पिरिट घेतलं नि मला खसाखसा पुसलं. माझ्या अंगावरची चिठ्ठी पेनानं लिहिलेली. नाव, तारीख, सगळं गेलं.

"अहो काका, हे काय केलंत!" बाई ओरडल्या.

"चकाचक केली की!"

तपासनीसांनी मला उजेडात धरलं. "नाव नाही, तर माल नष्ट करायचा."

"यंत्रावर ओळखता येईल, साहेब. एका दिवसाचं काम!" बाई म्हणाल्या.

"येईल हो. पण नियमात बसत नाही. पुन्हा अर्ज करा."

तोंडात बूच घेऊन मी काय बोलणार, कपाळ? मला सगळं ठाऊक होतं! पूड गेली, मी रिकामी झाले.

बाईंनी तिथूनच फोन लावला. "ताई, आणखी चार वर्षं गं."

"असू दे," पलीकडून ताई म्हणाली. "तोवर लेकीचा खरा आवाज कसा होता तेच विसरेन. मग त्रास नाही व्हायचा."

बाई माझ्यासमोर बसून रडल्या.

बाबांनो, बाटलीवर पेन्सिलनं लिहीत जा. स्पिरिटनं ती पुसली जात नाही. त्या टेबलावर डझनभर पेन्सिली पडल्या होत्या!