लागला की नाही, ते मलाच ठाऊक

मी एक जुना दगड आहे. नाक मुरडू नका मित्रांनो, रस्त्यात पडलेला नव्हे. स्कॉटलंडजवळच्या एका बेटावरून मला खणून काढलं, गोल घडवलं, डोक्यावर पिवळी मूठ बसवली आणि कॅनडाच्या मॅनिटोबा प्रांतातल्या एका छोट्या गावच्या कर्लिंग क्लबात आणून ठेवलं. बर्फावरून घसरत जायचं आणि पलीकडच्या रंगीत वर्तुळांत जमेल तितकं मध्यावर थांबायचं, ही माझी नोकरी. माझ्यापुढे दोघे जण ब्रशने बर्फ घासत पळतात. त्यांनी जोर लावला की मी लांब जातो.

मी चांगले दिवस पाहिले. टाळ्या ऐकल्या. मग गावातली तरुण मंडळी विनिपेग शहरात गेली, क्लब ओस पडला आणि काही हिवाळे मी कपडे बदलायच्या खोलीचं दार अडवून बसलो. एवढा खानदानी दगड, आणि काम काय, तर दाराला टेकू! पुन्हा संघ जमले तेव्हा कुठे मला बर्फ दिसला.

त्याच हिवाळ्यात ग्वेन पेनर आली. पस्तिशीची, धान्यकोठारात बियाणं तपासणारी. आपण ऑटिस्टिक आहोत हे तिला आदल्याच वर्षी कळलं होतं आणि पहिल्याच दिवशी तिने ते सगळ्यांना सांगून टाकलं, कारण खेळाआधी हात मिळवायची इथली रीत तिला सोसणारी नव्हती. कप्तान ऑर्व्हिल कोस्टियुक म्हणजे सत्तरीचा ट्रॅक्टर-मेकॅनिक. त्याने जरा विचार केला आणि ब्रशचा दांडा पुढे केला.

"दांड्याला दांडा लाव, पोरी. माझे हात तसेही ग्रीसने माखलेले असतात."

माझं तिच्याशी चटकन जमलं. मी बर्फावरून जाताना जी घरघर होते, ती तिला फार आवडायची. पण डोक्यातल्या गोष्टी तिला छळायच्या. ती त्या लपवत नसे. एकदा ती जोडीदारीण डोरीनला म्हणाली, "मघाशी माझ्या मनात आलं, हा दगड तुझ्या पायावर सोडावा. मला तसं करायचं नाहीये. पण आलं."

डोरीन शाळेची बस चालवायची. ती म्हणाली, "अगं बाई, माझ्या मनात काय काय येतं ते ऐकलंस तर गावातली पोरं शाळेत पायी जातील."

"आणि सूर्य विझल्यावर? आपण इथे खेळलो होतो, हे कुणाला कळणार?" ग्वेनने विचारलं.

"तोवर माझे गुडघे टिकले तरी पुरे," ऑर्व्हिल म्हणाला.

मित्रांनो, मी कोट्यवधी वर्षांचा आहे. आपण कशासाठी आहोत, हे मलाही अजून उमगलेलं नाही. पण एकदा घसरायला लागलं की मजा येते, एवढं खरं.

खरी पंचाईत वेगळीच होती. या खेळात चूक ज्याची त्याने कबूल करायची. धावत्या दगडाला तुमचा ब्रश लागला, तर 'दगड जळाला' म्हणतात. मग तुम्हीच सांगायचं आणि दगड बाहेर. कुणी पाहिलेलं नसलं तरीही. ग्वेनला ही रीत मनापासून पटली, आणि तिथेच घोळ झाला. ती घासू लागली की शंका यायची, लागला की काय? ती लगेच थांबायची. "जळाला. बहुतेक माझ्यामुळे." मला तर काही लागलेलं नसायचं! मी आतल्या आत ओरडायचो. डोरीन समजूत घालायची, "नाही गं लागला." दोन क्षण ग्वेनचा जीव भांड्यात पडायचा. मग पुन्हा तेच, "नक्की ना?"

एकदा तर जिंकलेला सामना तिच्या शंकेने घालवला. सामन्यानंतर जिंकलेल्यांनी हरलेल्यांना खाऊपिऊ घालायचं, अशी इथली पद्धत. बर्फाच्या कडेलाच टेबलं असतात. समोर गोड ॲपल-पायची बशी आली, पण ग्वेनने काटाही उचलला नाही.

"मी आता येणार नाही," ती म्हणाली. "मी आठवडाभर इथे यायची वाट पाहते. पण मी तुम्हाला हरवते."

ऑर्व्हिलने विचारलं, "ब्रश लागल्याचं जाणवलं होतं का तुला?"

"नाही. पण लागला नव्हता, हे छातीठोकपणे सांगता येत नाही."

"ते मलाही येत नाही. नियम काय म्हणतो? लागला तर सांगा. लागला असेल की काय, यावर नियम नाही."

ग्वेनने बशी जवळ ओढली. मग म्हणाली, "तसं असेल तर माझी समजूत घालणं बंद करा. त्याने मला पुन्हा विचारावंसं वाटतं. मी विचारलं तर म्हणा, 'काय माहीत, घास.'"

"एवढंच?" डोरीन म्हणाली. "मला तर दिवसभर तेवढंच म्हणायला आवडेल."

पुढचे आठवडे मी माझ्या डोक्यावरून हेच ऐकत गेलो. "डोरीन, लागला का?" "काय माहीत. घास." ग्वेनचा चेहरा लाल व्हायचा, कधी डोळेही भरायचे, पण ती घासत राहायची. शंका पळून गेली नाही. ती आमच्याबरोबरच धावायची. मला तिचा फार अभिमान वाटायचा.

मग हंगामाचा शेवटचा सामना आला. शेवटचा दगड मी. अगदी मध्यावर जाऊन बसणार होतो, मला खात्री होती. अर्ध्या वाटेत ग्वेनचा ब्रश माझ्या कडेला टेकला. खरंच टेकला. डोरीन पुढे पाहत होती, समोरच्या संघातल्या कुणाचं लक्ष नव्हतं.

ग्वेनने पाय घालून मला थांबवलं. "लागला. माझा ब्रश," ती म्हणाली, किती वाजले ते सांगावं तशा आवाजात. आम्ही हरलो.

टेबलावर डोरीनने विचारलं, "काय गं, या वेळी मला विचारलं नाहीस?"

ग्वेनच्या तोंडात ॲपल-पायचा तुकडा होता. तो गिळून ती म्हणाली, "विचारायचं काय? खरंच लागतो तेव्हा कळतं गं. मला वाटायचं, मला कधी कळणारच नाही." आणि ती इतकी हसली की जिंकलेला संघही हसू लागला. हरल्यावर एवढं खूश झालेलं माणूस मी आजवर पाहिलं नव्हतं.

मित्रांनो, माझी काळजी नको. पण तुमच्या ओळखीचं कुणी तेच तेच विचारू लागलं, तर वैतागू नका आणि त्याच्या हातातला ब्रशही काढून घेऊ नका. त्याच्या शेजारी राहून घासत पळा.