उभ्या गाडीतला थंडावा

काकांची गाडी एकोणीस वर्षांची होती आणि काकांच्या मते ती अजून अल्लड होती. तिच्या स्टिअरिंगला दुसऱ्या कुणाचा हात लागलेला त्यांना खपत नसे. दार जरा जोरात लागलं तरी ते असा चेहरा करत, की बसणाऱ्यानं माफी मागूनच उतरावं. या लाडक्या लेकीचं दुखणं एकच होतं, एसी. तो आवाज करायचा, वारा फेकायचा, पेट्रोलही मन लावून प्यायचा. गार करणं तेवढं त्याला जमत नव्हतं.

आणि या एसीपायी काकूंचं ताईकडे जाणं दोन वर्षं रखडलं होतं. ताई म्हणजे त्यांची थोरली बहीण, गाडीनं सात तासांवर. ताईला विसर पडायला लागला होता. आधी चष्मा कुठे ठेवला ते, मग शेजारणीचं नाव, मग वार. इकडे काकूंना उन्हानं चक्कर यायची, बस तर दहाव्या मिनिटाला लागायची आणि ऊन बारमाही. "उन्हातून लांबचा प्रवास टाळा," असं डॉक्टर एकदा सहज बोलून गेले. औषधाच्या वेळा विसरणाऱ्या काकांनी हे वाक्य मात्र तोंडपाठ केलं.

"एसी नीट होऊ दे, दुसऱ्या दिवशी निघू," ते म्हणत. आणि प्रयत्नात कसूर म्हणाल तर मुळीच नाही. दर रविवारी चहा झाला की काका अंगणात उभी असलेली गाडी सुरू करत, एसीच्या जाळीत थर्मामीटर खोचत आणि घड्याळ लावून बसत. आयुष्य प्रयोगशाळेत गेलेलं; निवृत्तीनंतरही हात स्वस्थ बसेनात. "चोवीस," ते जाहीर करत. "आजही चोवीसच." या दोन वर्षांत एसीत दोनदा गॅस भरून झाला, फिल्टर बदलून झाला, काचांना काळी फिल्मही लागली. मेकॅनिकच्या डोक्यावर उभं राहून काका सांगत, "गॅस कमी आहे, तेवढा भरा, बाकी कशाला हात लावू नका." लोकही भले, सांगितलं तेवढंच करत.

गेल्या महिन्यात फोनवर ताईनं विचारलं, "कोण बोलतंय?" काकूंनी नाव सांगितलं. "हो का, बरं बरं," ताई म्हणाली. चुकून लागलेल्या फोनवर माणूस जसं म्हणतो, तसंच. त्या रात्री काकू जेवल्या नाहीत. काकांनी विचारलं तेव्हा भूक नाही म्हणाल्या, आणि काकांचं तेवढ्यावर समाधान झालं.

बुधवारी काका दाढ काढायला गेले. त्यांची पाठ वळताच काकूंनी कोपऱ्यावरच्या गॅरेजवाल्याला घरी बोलावलं आणि कपाटातून किल्ली काढून त्याच्या हातात ठेवली. लग्नाला चाळीस वर्षं झाली होती, एवढं मोठं पातक त्यांच्या हातून पहिल्यांदाच घडत होतं.

मेकॅनिकनं गॅसचा दाब मोजणारं गेज लावलं. "गॅस काठोकाठ आहे, काकू. गाडी चालती असताना एसी कसा असतो?"

"चालती कुठे असते? बाजारापर्यंत जाते आणि येते. तपासणी सगळी अंगणात."

"मग बरोबर. चालत्या गाडीला समोरून वारा मिळतो. उभ्या गाडीला पंखा लागतो." त्यानं बॉनेटमध्ये डोकं घातलं. गाडीच्या समोरच्या जाळीमागे दोन पंखे होते. इंजिनाचा फिरत होता, एसीचा ढिम्म बसला होता. मेकॅनिक वायरीचा माग काढत खाली गेला आणि एका जागी बोट ठेवून थांबला.

"उंदरानं कुरतडली का?" काकूंनी विचारलं.

"उंदीर टेप लावत नाहीत, काकू."

पंख्याचा प्लग काढून ठेवलेला होता. दोन्ही टोकांना काळी टेप गुंडाळलेली, वेढ्यावर वेढा, आणि टेपचं शेवटचं टोक आत दुमडलेलं, म्हणजे सोडवताना नखात सापडावं. काकूंच्या घरात साखरेच्या पुडीपासून औषधाच्या खोक्यापर्यंत प्रत्येक टेपचं टोक असंच दुमडलेलं असे. एवढा टापटिपीचा माणूस पंचक्रोशीत एकच होता, आणि तो आत्ता दाढ काढायला गेला होता.

मेकॅनिकनं प्लग जोडला. पंखा घरघरला. दहा मिनिटांत थर्मामीटर नऊवर आला.

काका परतले ते सुजलेला गाल आणि तोंडात कापूस घेऊन. उघडं बॉनेट पाहिलं, काकूंच्या हातातली टेप पाहिली आणि बोलणं टाळायला कापूस पुरेल का याचा अंदाज घेतला. पुरला नाही.

"दोन वर्षं," काकू म्हणाल्या. "का?"

त्यांनी कापूस काढला. "मागच्या वेळी ताईकडून येताना तू झोपली होतीस."

"हो."

"मीही झोपलो होतो." ते गाडीकडे बघत म्हणाले. "जाग आली तेव्हा समोर ट्रक होता. कसा वाचवला, मला माहीत नाही."

काकूंनी हातातली टेप गाडीवर ठेवली. "मग सांगायचं होतं. दुसरा कुणी चालवायला बघितला असता."

"तेच तर," काका म्हणाले.

म्हणजे चाक दुसऱ्याच्या हाती जाऊ नये म्हणून ही एवढी थोर शास्त्रीय तपासणी. काकूंना त्यांची कीव आली आणि रागही आला. राग बराच मोठा होता. "तुम्ही घाबरलात याचं मला काही नाही," त्या म्हणाल्या. "पण ती विसरत होती, आणि तुम्ही दर रविवारी मला तापमान सांगत होता." काकांनी कापूस पुन्हा तोंडात घातला.

मेकॅनिकची बायको टॅक्सी चालवायची. शनिवारी तिनं काकांच्या गाडीचं चाक हाती घेतलं. मागच्या सीटवर काका सात तास पाहुण्यासारखे आखडून बसले आणि प्रत्येक वळणावर उजवा पाय जमिनीवर दाबत राहिले. ब्रेक अर्थातच तिथे नव्हता. बाहेर रस्ता वितळत होता. आत एवढा गारठा, की काकूंनी पदर खांद्याभोवती ओढून घेतला.

ताई दारातच खुर्चीवर बसली होती. काकूंनी वाकून तिचे दोन्ही हात हातात घेतले. ताईनं त्यांच्याकडे नीट पाहिलं, मग घरी आलेल्या अनोळखी बाईकडे हसावं तशी हसली. माणुसकी ती अजून विसरली नव्हती.

"लांबून आलात वाटतं," ताई म्हणाली. "उन्हाचा त्रास नाही ना झाला?"

"नाही," काकू म्हणाल्या. "गाडीत छान गार होतं."