चहाच्या बसमध्ये हिरूआत्या

हिरूआत्या एखाद्या पदार्थाची चव घ्यायची ती आधी कानांना ऐकू यायची. तळव्याच्या मधोमध रश्श्याचा एक थेंब, त्याला स्पर्शणारं जिभेचं टोक, मग सावकाश मिटणाऱ्या पापण्या, आणि त्या क्षणभराच्या अंधारातून टाळूवर उमटणारा टच्च असा आवाज. ओला, छोटा आणि निर्णायक. त्यानंतर आमच्या स्वयंपाकघरात अपील नसायचं. 'मीठ कमी हाय' किंवा 'बस झालं', एवढ्या दोनच निकालांवर आमच्या कुटुंबातल्या तीन पिढ्यांची लग्नकार्यं पार पडली. फक्त गणपतीत तिची पंचाईत व्हायची, कारण नैवेद्याचं चाखायचं नाही. तेव्हा ती वाफेवर नाक धरून बसायची आणि देवाच्या जिभेवर भरवसा ठेवावा लागल्यासारखी अस्वस्थ दिसायची.

ही जीभ तिने मिठागरातून आणली होती. धरमतरच्या खाडीकाठी, चैत्राच्या पांढऱ्याधोट उन्हात, वाफ्यांमध्ये अडवलेलं पाणी दिवसागणिक जड होत जायचं आणि ते कधी पिकेल हे मुकादम तिला विचारायचा. बोट बुडवून जिभेला लावायचं आणि सांगायचं, परवा. परवा खरोखरच पाण्यावर पहिली साय धरायची. आता त्या वाफ्यांवर भराव पडून गोदामं उभी आहेत, तिच्या जावयाचे दोन ट्रक तिथेच लागतात. पण वारा खाडीवरून आला की आत्या म्हातारपणीही नकळत ओठांवरून जीभ फिरवायची, जणू वाराही पिकायला आला आहे की नाही ते पाहत असावी. पहाटे मात्र त्याच तोंडात ती मशेरी लावून बसायची. तव्यावर जाळलेल्या तंबाखूचा तो करपट वास ही आमच्या घराची पहिली जाग होती. पुढे काय वाढून ठेवलं आहे, हे त्या वासात आमच्यापैकी कुणालाच ओळखता आलं नाही.

आमच्या घरातला बोलका माणूस मी. बारशाचं विनोदी भाषण आणि बाराव्याला आलेल्यांचे आभार, दोन्ही माझ्याकडे. पन्नाशी उलटली, केस गेले, पोट आलं, तरी 'रम्या बोलेल' हा विश्वास तेवढा शाबूत राहिला. त्यामुळे डॉक्टरांनी आत्याच्या मुलीला, कुंदाला, आणि मला आत बोलावून सांगितलं की आत्याच्या तोंडातली कर्करोगाची गाठ जिभेच्या मुळापर्यंत गेली आहे, येत्या सोमवारी अख्खी जीभ काढावी लागेल, नंतर खाणं नळीतून आणि बोलणं नाही, तेव्हा कुंदाने डोळे पुसून माझ्याकडेच पाहिलं. आत्याला आम्ही तोवर 'लहानशी गाठ काढायची आहे' एवढंच सांगितलं होतं आणि तेवढ्यावर तिने कागदावर अंगठा उठवला होता. डॉक्टर म्हणाले, "त्यांना स्पष्ट सांगा. हो-नाही त्यांनी ठरवायचं आहे." बाहेर आल्यावर कुंदा म्हणाली, "दादा, तू सांग. तुझ्या तोंडून तिला हलकं वाटेल."

हलकं करण्याची माझी कल्पना अशी की तिला बसने फिरवून आणावं. अलिबागेत एक दुमजली बस तेव्हा नारळीपौर्णिमेनिमित्त 'चहाची सफर' काढत होती: दुपारी तीनला गावातून निघायचं, किनाऱ्याकिनाऱ्याने थळपर्यंत जायचं, परत यायचं, आणि वाटेत वरच्या मजल्यावर सणाचं खाणं आणि चहा. असल्या सहलीला गावची माणसं जात नाहीत. आपलाच समुद्र तिकीट काढून कोण बघतं? पण मला वाटलं, चालत्या बसमध्ये, रोषणाईत, चार परक्या माणसांच्या कलकलाटात ते वाक्य सहज निघून जाईल. खरं सांगायचं तर मला वाटलं होतं की भर लोकांत ती रडणार नाही.

बस पाहून मात्र आत्या खुलली. छताला जुन्या जाळ्यांच्या झालरी, खिडक्यांना पताका, प्रत्येक टेबलावर सोनेरी कागदात गुंडाळलेला नारळ. श्रावणातलं ते विटलेलं ऊन प्लॅस्टिकच्या छतातून गाळून येत होतं आणि सगळ्यांचे चेहरे आजाऱ्यासारखे पिवळे दिसत होते. फक्त खरोखर आजारी असलेली ती तेवढी, हिरव्या लुगड्यात, कानांतल्या बुगड्या हलवत, मिरवणुकीला निघाल्यासारखी ताठ बसली होती. खाणं वाढायला संध्याताई नावाच्या चाळिशीतल्या बाई होत्या, चापूनचोपून नेसलेल्या आणि पायांत बूट घातलेल्या. आत्याने त्यांना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"कयाची गो तू?"

"थळची, मावशी. नेसायला सांगतात हे. बूट माझेच."

"बूट बरं हाईत. पळता येल, कोणी चहाला नाव ठेवलं तं."

नाव अर्थातच तिने स्वतःच ठेवलं. तीन मजली स्टॅण्डवर करंज्या, नारळाच्या वड्या, हिरव्या चटणीची तिकोनी सॅण्डविचं आणि द्रोणात नारळीभात आला. तिने चटणीचा कण तळव्यावर घेतला, डोळे मिटले. आवाज आला, पण अर्धाच, आणि तिचा हात चटकन जबड्याकडे गेला. "मीठ कमी," ती डोळ्यांतलं पाणी निपटत म्हणाली. संध्याताईंनी मान डोलावली. मी म्हणालो, "आत्या, तुला एक सांगायचंय," आणि ती वळल्याबरोबर मी तिला आमच्या साहेबांचा विग पंख्याच्या वाऱ्याने कसा उडाला ते सांगितलं. गोष्ट चांगली रंगली. माझ्या गोष्टी नेहमीच रंगतात. त्यांच्या आड लपायला मला भरपूर जागा लागते.

पुढे बस समुद्राला लागली. पावसाळ्याचं पाणी मातकट, जड, कण्हत कण्हत धक्क्याला भिडत होतं. लांब थळच्या कारखान्याचा पांढरा धूर आभाळात वर चढण्याऐवजी आडवाच पडून राहिला होता. बसमध्ये नारळ लढवायचा खेळ सुरू झाला. तो आमच्याकडे पौर्णिमेला नाक्यानाक्यावर चालतो: एकाने नारळ हातात घट्ट धरायचा, दुसऱ्याने आपला त्यावर आपटायचा, ज्याचा फुटेल त्याने तो गमवायचा. आत्याने टेबलाटेबलावरचे नारळ मागवून घेतले. एकेक कानाशी धरून नखाने वाजवताना तिची मान कलती व्हायची, आणि भोवतीचा गलका ओसरून ती एकटीच त्या कवटीच्या आतलं काही ऐकत आहे असं वाटायचं. समोरच्या पुणेकर गृहस्थांचे तिने लागोपाठ तीन नारळ फोडले.

"आजी, हा नारळ आहे की दगड?"

"दगडच हाय. डोकं लांब ठेव, चवथा तोच दिसल."

सगळी बस हसली. तीही हसली, आणि हसता हसता मध्येच थांबली, एखाद्या दिव्याची वात कुणी चिमटीत धरावी तशी. तोंडावर पदर दाबून ती बाहेर पाहत राहिली. तो पदर ओलसर लाल झाल्याचं मी पाहिलं आणि पाहिलंच नाही असं दाखवलं.

थळला बस वळली. धक्क्यावर सजवलेल्या होड्या डोलत होत्या, ढोल वाजत होते. परतीची वाट म्हणजे जेमतेम पाऊण तास. मी पुन्हा तोंड उघडलं, पुन्हा मिटलं.

"आर रम्या," ती म्हणाली, "कवाधरनं निवट्या म्हावऱ्यासारखा तोंड उघडतस नि मिटतस. चिखलात हायस का पाण्यात ते ठरव आथा."

"काही नाही गं."

"डाक्टर काय बोलला? कुंदी माझ्याशी धड बोलत नाय."

"सोमवारी करायचं म्हणाले."

"त्ये ठावं हाय मना." तिने नारळीभाताचा द्रोण दोन्ही हातांत घेतला होता. गुळाचा, वेलचीचा, खोवलेल्या नारळाचा तो उष्ण वास आमच्या दोघांच्या मध्ये तरंगत होता. तिने सरळ माझ्या डोळ्यांत पाहिलं. मिठागरातल्या पाण्याकडे पाहत असेल तसं, घाई न करता. "गाठ काढल्यावर मना सगळं खाता येल ना रं?"

आयुष्यात मी हजारो शब्द उधळले आहेत. त्या दिवशी एकाच शब्दाची गरज होती आणि मी दुसराच दिला.

"येईल," मी म्हणालो.

तिचा चेहरा उजळला. ढगाआडून ऊन यावं तसा नव्हे. खूप दिवस बंद असलेल्या खोलीचं दार कुणी उघडावं आणि आतल्या भांड्याकुंड्यांना आपण इथेच होतो हे कळावं, तसा. तिने द्रोण माझ्यासमोर सरकवला. "मंग तू खा यो. आज लई झोंबतंय. दुखत दुखत कशाला खाव, निवांत खाईन मंगारी." संध्याताईंकडून कागद मागून तिने दोन करंज्या नीट गुंडाळल्या, कनवटीला खोचल्या, आणि चहाचा कपही अर्धाच पिऊन ठेवला. मी तो भात खाल्ला. सगळा खाल्ला. बस हलत होती, पताका फडफडत होत्या, संध्याताई टाळ्या वाजवून गाण्याची एक ओळ सगळ्यांकडून म्हणवून घेत होत्या, आणि मी, एका बाईच्या वाटचा शेवटचा गोड घास, तिच्याच देखत, बोटं चाटून संपवत होतो. तिने विचारलं, "मीठ बरोबर हाय का रं?" मी मान हलवली. तेवढ्याने तिचं समाधान झालं.

सोमवारी झालं, आधीच्या त्याच अंगठ्यावर. तीन दिवसांनी तिला पूर्ण शुद्ध आली तेव्हा मी पलंगाशी होतो. तिने तोंडात काहीतरी शोधलं. गाल आतून हलले, थांबले, पुन्हा हलले. मग तिचे डोळे माझ्यावर येऊन स्थिरावले. तिला लिहिता येत नव्हतं. तिने फक्त उजवा तळवा वर उघडा केला आणि माझ्यासमोर धरला, बराच वेळ. त्या रिकाम्या तळव्यात प्रश्न होता, शिक्षा होती की क्षमा, हे मला कळलं नाही. पुढचे चार महिने ती कुंदाकडे नळीवर जगली, मी आठवड्यातून दोनदा गेलो, गोष्टी सांगितल्या, ती ऐकायची, पण तो तळवा तिने पुन्हा कधी उघडला नाही. एकदा कुंदाने विचारलं, "दादा, तू तिला बसमध्ये सांगितलं होतंस ना?" मी हो म्हणालो. खोटंही एकदा रुळलं की त्याची चाल बदलत नाही.

मार्गशीर्षात ती गेली. बाराव्याला माणसं जमली, सवयीने सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी उठलो, हात जोडले आणि खाली बसलो. रम्या दुःखाने अवाक झाला, असं सगळे म्हणाले, आणि तोही मान मी निमूट घेतला. घरात आता तिची तिथी मार्गशीर्षातली धरतात. पान वाढतात, काकस्पर्शाची वाट बघतात, कुंदा डोळे पुसते. मी त्यांच्यात बसतो. माणूस नेमकं कधी जातं, हे काळ एकट्याने ठरवत नाही. कधी कधी ते त्याच्या शेजारी बसलेलं, त्याच्यावर माया असलेलं कुणीतरी ठरवून टाकतं. माझ्या आठवणीत हिरूआत्या मार्गशीर्षात गेलेलीच नाही. ती श्रावणातल्या पौर्णिमेला, दुपारी पावणेपाचच्या सुमारास, माझ्यावर विश्वास ठेवून गेली.